मक्त्याच्या वावरात विहीर

मोठमोठ्या कंपन्या स्वतःचं ऑफिस सोडून सामायिक ऑफिसात का जातात, हा प्रश्न केळापूरच्या निवृत्त मास्तराला कशाला पडावा, असं तुम्ही म्हणाल. पण आमच्या तालुक्यातली शिकलेली पोरं पुण्या-हैदराबादला जाऊन ज्या खुर्च्यांवर बसतात, त्या खुर्च्या कुणाच्या, हे आपल्याला कळायला नको?

पुतणी पुण्यात एका मोठ्या परदेशी कंपनीत आहे. तिच्या ऑफिसच्या दारावर पाटी कंपनीची, पण खुर्ची, टेबल, एसी, इंटरनेट, चहाचं मशीन, एवढंच काय दारावरचा गार्डसुद्धा दुसऱ्याचा! कंपनी फक्त माणसं आणि लॅपटॉप घेऊन आली. याला म्हणतात कोवर्किंग. बिऱ्हाड करण्याऐवजी खानावळीत जेवावं, तसंच काहीसं.

ही कल्पना मुळात लहान माणसांची. २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्ग नावाच्या तरुणाने ती सुरू केली. एकेकटे काम करणाऱ्यांना सोबत मिळावी, एवढाच हेतू. २०१० मध्ये न्यूयॉर्कला वीवर्क निघाली आणि त्याचा मोठा धंदा झाला. २०१७ मध्ये तर आयबीएमसारख्या कंपनीने न्यूयॉर्कमधली वीवर्कची अख्खी इमारतच घेतली. आपल्याकडे ऑफिस २०१५ मध्ये आली, वीवर्क इंडिया २०१७ मध्ये. (ही ‘ऑफिस’ म्हणजे कंपनीचंच नाव बरं का, स्पेलिंग वेगळं!) शिवाय स्मार्टवर्क्स वगैरे. या कंपन्यांचे शेअर्सही २०२४-२५ मध्ये बाजारात आले. स्मार्टवर्क्सचा तर भरच मोठ्या कंपन्यांवर आहे.

आता ‘का’ ते बघू. स्वतः जागा घ्यायची तर मालकाशी लांबलचक करार, काही वर्षं सोडता येणार नाही अशी अट, भलंमोठं डिपॉझिट. त्यावर सुतारकाम, वायरिंग, एसी यांचा खर्च. त्यात काही महिने जातात ते वेगळेच. सामायिक ऑफिसवाला हे सगळं आधीच करून बसलेला असतो. तो खुर्चीमागे महिन्याला ठरावीक पैसे घेतो. आज पन्नास माणसं, सहा महिन्यांनी दोनशे, पुढे पुन्हा ऐंशी... खुर्च्या वाढवा, कमी करा. परदेशी कंपनीला भारतात नवं ऑफिस थाटायचं असेल तर ही सोय फारच उपयोगी. हिशेबाचाही एक मुद्दा आहे. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे मोठ्या कंपन्यांना दीर्घ मुदतीचं भाडं ताळेबंदात देणं म्हणून दाखवावं लागतं. १२ महिन्यांपर्यंतच्या कराराला त्यातून सूट आहे.

पण माझ्या मते खरं कारण एकच. उद्या किती माणसं लागतील हे कुणालाच सांगता येत नाही! टीसीएसचंच बघा. २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या काळात, त्यांनी जाहीर केलं की २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांहून जास्त लोकांना ऑफिसात यायची गरज राहणार नाही. आणि ऑक्टोबर २०२३ पासून त्यांनीच सगळ्यांना आठवड्याचे पाचही दिवस बोलावलं. एवढ्या जाणत्या कंपनीचा अंदाज जिथे चुकतो, तिथे इतरांनी दहा वर्षांचा करार कोणत्या भरवशावर करावा? म्हणजे कंपन्या जागा विकत घेत नाहीत, भाड्यानेही घेत नाहीत. त्या निघून जायची मुभा विकत घेतात.

ही मुभा फुकट नसते. कंपनीने टाळलेली जोखीम कुणाच्या तरी डोक्यावर बसतेच. वीवर्कने मालकांकडून लांब मुदतीने जागा घेतल्या आणि थोड्या मुदतीने पुढे दिल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत तिला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. (भारतातली वीवर्क एम्बसी समूहाच्या हातात होती, ती त्यात नव्हती.)

आमच्याकडे हे दोन शब्दांत सांगता येतं... सावड आणि मक्ता. एक बैल तुझा, एक माझा, आज तुझं वावर, उद्या माझं, ही सावड. ती ओळखीवर चालते. कोवर्किंगचं नाव सावडीचं आहे, पण मोठ्या कंपन्या करतात तो मक्ता. आपल्या मजल्याला कुलूप, आपलं कार्ड, शेजारच्याशी संबंध लिफ्टपुरता. आणि मक्त्याने वावर करणारा माणूस काय करतो, हे केळापूर तालुक्यात कुणाला सांगायला नको. तो कापूस घेतो, पण विहीर खणत नाही, बांधावर आंबा लावत नाही, शेणखतही हात राखूनच टाकतो. पुढच्या वर्षी वावर कुणाकडे जाईल काय माहीत! त्यात त्याचा दोष नाही, व्यवहारच तसा आहे.

विहीर खणणारेही आपल्याकडे होऊन गेले. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडलच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना आणला आणि त्याबरोबर गाव वसवलं, किर्लोस्करवाडी. कामगारांची घरं झाली, शाळा झाली. आजच्या कंपनीने गाव वसवावं असं मी म्हणत नाही. काळ बदलला. पण जिने जागेला ‘कधीही सोडता येईल’ म्हटलं, ती माणसालाही तसंच म्हणायला शिकते, ही माझी भीती आहे. पुतणीला ठरलेली खुर्ची नाही, रोज मोकळी दिसेल ती घ्यायची. खण नाही, देवाचा फोटो ठेवायला कोपरा नाही. दोन पाळ्यांच्या शाळेत मी वर्षानुवर्षं शिकवलं. सकाळचा पोरगा आणि दुपारचा पोरगा एकाच बाकावर बसायचे. पण दोघांनाही ‘हा बाक माझा’ असं वाटायचं, कारण रोज तोच बाक असायचा. कर्कटकाने कोरलेली नावंच त्याची साक्ष!

तरी या बदलात मला एक आशाही दिसते. तंबू कुठेही ठोकता येत असेल तर तो पुण्यातच का? श्रीधर वेंबूंच्या झोहोने २०११ मध्ये तमिळनाडूतल्या तेनकाशीला ऑफिस काढलं, आणि गावाकडची मुलं गावाकडे राहून काम करू लागली. महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये परदेशी कंपन्यांच्या अशा केंद्रांसाठी धोरण आणलं आहे. नागपुरात सामायिक ऑफिसं निघालीच आहेत. मग यवतमाळला का नकोत? नागपूर-हैदराबाद महामार्गावरच्या आमच्या पांढरकवड्याला पन्नास खुर्च्यांचं एखादं ऑफिस का नको? वीज आणि इंटरनेट मात्र न जाणारं हवं... ती विहीर सरकारने खणावी. कंपनीने मक्त्याने यावं, खुशाल यावं. पण पोरं संध्याकाळी घरी जेवायला येतील इतक्या जवळ यावं, एवढंच मागणं आहे.

असो. लेख नेहमीप्रमाणे लांबला. तुमच्यापैकी जी मंडळी अशा ऑफिसात बसतात, त्यांनी जरूर लिहा. तुम्हाला तिथे ‘आपली’ म्हणावी अशी एखादी जागा आहे का?