उपासमारीला आहाराचे नाव

लग्नसराई जवळ आली की उपवर मुलींच्या घरांत दागिने, साड्या आणि कार्यालयाची नोंदणी यांच्याबरोबर आणखी एका विषयाची चर्चा सुरू होते. मुलीचे वजन हा तो विषय. महिन्याभरात दहा किलो उतरवून देणारा एखादा आहारतक्ता कोणीतरी आणून देते. सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी, रात्री एखादे फळ किंवा पाण्यात कालवलेली भुकटी, असा त्याचा क्रम असतो. पोळी, भात, वरण, उसळ ही सारी निषिद्ध! घरातील वडीलधारी माणसे प्रथम कुरकुरतात. पण चार दिवसांत काटा दोन किलोंनी खाली आलेला पाहिला की तीही गप्प बसतात. ‘क्रॅश डाएट’ म्हणतात तो हाच प्रकार. तो आता नवऱ्या मुलींपुरता राहिलेला नाही. महाविद्यालयीन विद्यार्थी, नोकरदार स्त्रिया, पोट सुटलेले मध्यमवयीन कारकून अशा सर्वांनाच या झटपट मार्गाचा मोह पडू लागला आहे.

स्थूलतेचा प्रश्न खोटा आहे, असे कोणीही म्हणणार नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के आणि पुरुषांपैकी जवळपास २३ टक्के अतिवजनाचे किंवा स्थूल आहेत. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांचा स्थूलतेशी असलेला संबंध सर्वमान्य आहे. तेव्हा वजन उतरवण्याची इच्छा बाळगण्यात गैर काहीच नाही. गैर आहे तो त्यामागचा उतावळेपणा, आणि त्याहूनही गैर आहे तो या उतावळेपणावर चालणारा व्यापार.

या व्यापाराची पहिली परीक्षा साध्या अंकगणितानेही करता येते. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठवलेले असतात. दहा दिवसांत दहा किलो चरबी घटवायची, तर दररोज ७,७०० उष्मांकांची तूट पडली पाहिजे. बैठे काम करणाऱ्या माणसाचा संपूर्ण दिवसाचा खर्चच मुळी दोन हजारांच्या आसपास असतो. त्याने अन्नाचा कणही घेतला नाही, तरी दिवसाला पाव किलोपेक्षा फारशी अधिक चरबी जळणे शक्य नाही. मग पहिल्या आठवड्यात काटा इतका खाली येतो तो कशामुळे? यकृतात आणि स्नायूंत साखरेचा जो साठा असतो, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. अन्न तुटताच हा साठा संपतो आणि ते पाणी बाहेर पडते. ज्याला यश समजून पेढे वाटले जातात, ते मुख्यतः पाणी असते.

पाण्यानंतर पाळी येते ती स्नायूंची. शरीराला चरबी आणि स्नायू यांत मालकाच्या सोयीचा भेद करता येत नाही. पुरेशी प्रथिने मिळाली नाहीत की ते हातापायांचे मांस मोडून खाते, आणि हृदय हाही एक स्नायूच आहे. पोटॅशियम, मॅग्नेशियम यांसारख्या क्षारांचे प्रमाण ढळले की हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते. वजन फार वेगाने घटले तर पित्तात कोलेस्टेरॉल वाढते, पित्ताशय पुरेसे आकुंचन पावत नाही आणि खडे धरतात. दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळू लागतात, तरुण मुलींची पाळी अनियमित होते किंवा थांबते. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपेट जेवल्याने रक्तातील फॉस्फरस घसरून प्राणावर बेतू शकते, ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धातील सुटका झालेल्या कैद्यांच्या अनुभवातून वैद्यकशास्त्राने शिकून घेतली आहे.

हे सारे कागदोपत्री इशारे नव्हेत. अमेरिकेने त्यांची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजली आहे. १९७६ साली रॉबर्ट लिन नावाच्या एका डॉक्टराचे ‘द लास्ट चान्स डाएट’ हे पुस्तक तेथे प्रसिद्ध झाले आणि प्रचंड खपले. अन्न जवळपास संपूर्ण सोडून द्यायचे आणि द्रवरूप प्रथिनांवर राहायचे, असा त्यातील उपदेश होता. ही प्रथिने कत्तलखान्यांतील कातडी आणि स्नायुबंध यांपासून तयार केलेली, म्हणजे पोषणाच्या दृष्टीने अगदी हलक्या प्रतीची होती. दिवसाचे उष्मांक चारशेच्याही आत. लाखो लोकांनी हा प्रयोग केला. १९७७ आणि १९७८ या काळात अशा आहारावर असलेल्या ६० च्या आसपास व्यक्तींचे मृत्यू तेथील आरोग्ययंत्रणेपुढे आले. त्यांत स्त्रियांचाच भरणा मोठा होता. अनेकींचे हृदय लय बिघडून अचानक बंद पडले होते. विशेष म्हणजे, त्यांतल्या काही जणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली होत्या. पुढे अशा पदार्थांच्या वेष्टनांवर धोक्याची सूचना छापणे तेथील सरकारने बंधनकारक केले.

भुकेचा घाव शरीराइतकाच मनावरही बसतो. मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ साली ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धोत्तर युरोपातील उपाशी जनतेला पुन्हा कसे पोसावे, हे जाणून घेण्यासाठी या तरुणांनी स्वेच्छेने अर्धपोटी राहणे पत्करले होते. सहा महिने त्यांना दररोज सुमारे १,६०० उष्मांकांचे अन्न देण्यात आले. ही माणसे चिडखोर आणि उदास झाली, कशातच त्यांचे मन लागेना, त्यांना सतत थंडी वाजू लागली. अन्नाखेरीज दुसरा विचार त्यांना सुचेना. काही जण तर पाककृतींची पुस्तके जमवू लागले. येथे एक आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. शास्त्रज्ञांनी ज्या १,६०० उष्मांकांना ‘अर्धी उपासमार’ म्हटले, त्याच्या निम्मेही उष्मांक आजच्या कित्येक तक्त्यांत नसतात. परीक्षेच्या तोंडावर असा तक्ता पाळणारी विद्यार्थिनी पुस्तकावर लक्ष केंद्रित करू शकत नसेल, तर दोष तिच्या निश्चयाचा नाही.

बरे, एवढे सोसून पदरात काय पडते? ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याकडे थट्टेने वापरली जाते. तिच्यात मोठे शरीरशास्त्र दडलेले आहे. मिनेसोटातील तरुणांनी प्रयोग संपल्यावर अतोनात खाल्ले आणि गमावलेल्याहून अधिक चरबी अंगी लावून घेतली. अमेरिकेतील दूरचित्रवाणीच्या एका वजनघटाव स्पर्धेतील १४ स्पर्धकांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. स्पर्धेनंतर सहा वर्षांनी बहुतेकांचे वजन पुन्हा वाढले होते. मात्र विश्रांतीच्या वेळचा त्यांचा उष्मांकांचा खर्च अपेक्षेपेक्षा दररोज सुमारे ५०० ने कमीच राहिला होता. उपासमार हे दुष्काळाचे चिन्ह समजून शरीर काटकसर शिकते आणि सुकाळ आला तरी ती काटकसर सोडत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. डॉक्टर स्वतःच काही रुग्णांना अत्यल्प उष्मांकांचा आहार देतात, हे खरे आहे. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात मधुमेहींना काही महिने सुमारे साडेआठशे उष्मांकांवर ठेवले गेले आणि वर्षअखेरीस ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह औषधांविना आटोक्यात आला. परंतु त्यांना दिलेल्या आहारात प्रथिने, क्षार व जीवनसत्त्वे मोजून घातलेली होती, मधुमेहाची व रक्तदाबाची औषधे डॉक्टरांनी आधीच थांबवली होती, आणि नेहमीच्या जेवणाकडे परतण्याची वाट पायरीपायरीने आखलेली होती. याच गोळ्या चालू ठेवून शेजाऱ्याच्या सांगण्यावरून उपाशी राहणारा मधुमेही बेशुद्ध पडण्याचा धोका पत्करत असतो. शस्त्रक्रियागृहातील सुरी आणि रस्त्यावरची सुरी एकाच पोलादाची असते, म्हणून कोणी त्या सारख्या मानत नाही.

उपवासाच्या परंपरेचा दाखलाही या संदर्भात वारंवार दिला जातो. चतुर्थी किंवा एकादशी हा एका दिवसाचा संयम असतो. महिनाभराच्या उपासमारीशी त्याचे नाते जोडणे हा परंपरेवर अन्याय होय. फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, हे गीतेने सहाव्या अध्यायात स्पष्टपणे सांगून ठेवले आहे.

सर्वांत चिंताजनक गोष्ट निराळीच आहे. ज्या पाहणीने २४ टक्के स्त्रियांचे अतिवजन नोंदवले, तिनेच १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त असल्याचेही दाखवले आहे. आधीच ज्यांच्या अंगात रक्त नाही, अशा मुलींना लग्नाच्या बाजारात उभे करण्यासाठी त्यांच्या ताटातली डाळ आणि भाजी काढून घेणे, ही गोष्ट सुसंस्कृत म्हणवणाऱ्या समाजाला शोभणारी नाही. हुंडा मागणे लाजिरवाणे आहे, हे निदान तोंडाने तरी सगळे कबूल करतात. मुलगी ‘जरा बारीक’ हवी, ही मागणी मात्र अजून निर्लज्जपणे, चहाचा घोट घेता घेता केली जाते.

१९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने ज्या विकारांवरील औषधांच्या जाहिरातींना मनाई केली, त्यांत स्थूलतेचा समावेश आहे. पण त्या कायद्याचा रोख औषधांवर. आहारतक्ता त्यातून सहज निसटतो. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात खाद्यपदार्थांच्या फसव्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ती नेटाने अमलात आणली गेली पाहिजे, आणि अत्यल्प उष्मांकांच्या भुकट्यांवर धोक्याची सूचना ठळक अक्षरांत छापली गेली पाहिजे. शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांनी वर सांगितलेले अंकगणित एकदा फळ्यावर मांडले, तरी कित्येक विद्यार्थी या जाळ्यातून वाचतील.

खरा उपाय जुनाच आहे, आणि म्हणूनच तो विकता येत नाही. भाकरी किंवा पोळी, आमटी, उसळ, पालेभाजी आणि ताक यांचे बेताचे जेवण, गोडधोड व तळणाला आवर, रोजचे चालणे आणि पुरेशी झोप. याने आठवड्याला अर्धा किलो उतरेल. कधी तेवढेही उतरणार नाही. परंतु जे उतरेल ती चरबी असेल, आणि ते टिकण्याची आशा असेल. वर्षानुवर्षे चढलेले ओझे महिन्याभरात फेकून देण्याचे आश्वासन जो देतो, तो त्या घाईचे मोल दुसऱ्याच्या हृदयाकडून वसूल करत असतो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.