यंत्र यकृताची चरबी सांगेल, पण पुढे काय?

20 फेब्रुवारी ते 31 मार्च 2025 या काळात मध्य प्रदेशात 'निरोगी काया अभियान' झाले. रक्तदाब आणि मधुमेहासोबत फॅटी लिव्हरची, म्हणजे यकृतात साचणाऱ्या चरबीची तपासणीही त्यात होती. केंद्राने हा आजार 2021 मध्येच असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. तरी पांढुर्णा-सौंसरकडे अजून ऐकू येते, "आम्ही दारूला शिवत नाही, आम्हाला लिव्हरचा काय त्रास?" देशातील अभ्यासांच्या 2022 च्या एका आढाव्यात प्रौढांमध्ये हे प्रमाण सुमारे 38 टक्के निघाले. इतके सगळे लोक पिणारे नाहीत.

नेहमीची तपासणी सोनोग्राफीची. पण चरबी थोडी असेल तर ती सुटते, आणि निदान बघणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असते. शिवाय 1994 च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे हे यंत्र नोंदणीकृत जागेबाहेर नेण्यावर कडक बंधने आहेत. ती योग्यच आहेत, पण त्यामुळे गावोगावच्या शिबिरात सोनोग्राफी सहज नेता येत नाही.

एक्स-रेचे तसे नाही. डिसेंबर 2024 मध्ये सुरू झालेल्या क्षयरोगाच्या 100 दिवसांच्या मोहिमेत हातात धरण्याजोगी एक्स-रे यंत्रे आणि फोटो वाचणारे संगणक वापरले गेले. छातीच्या फोटोत यकृताचा वरचा भागही येतो. जपानच्या ओसाका महानगर विद्यापीठाने 2025 मध्ये 4,414 रुग्णांच्या 6,599 फोटोंवरून संगणकाला फॅटी लिव्हर ओळखायला शिकवले. निकाल आशादायक आहे, पण तो तिथल्या रुग्णांवरचा आहे. आपल्याकडे आधी पडताळून पाहावा लागेल.

आम्ही आयुष्यभर आकडे तपासले, म्हणून एक हिशेब मांडतो. समजा 1,000 प्रौढांपैकी 380 जणांना चरबी आहे आणि यंत्र चारपैकी तीन वेळा बरोबर सांगते. मग 285 सापडतील, 95 सुटतील, आणि निरोगी 620 पैकी 155 जणांना उगाच धास्ती बसेल. म्हणजे 440 माणसे चिठ्ठी घेऊन उभी राहतील. त्यांना बघणार कोण? बहुतेकांना नागपूर गाठावे लागेल. आयुष्मान कार्ड भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. बाहेरच्या तपासण्या, गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी हे सगळे घरच्याच खिशातून जाते.

म्हणून यंत्राला आमचा विरोध नाही, मागणी क्रमाची आहे. 5 ऑक्टोबर 2023 ला पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. शिबिरात यंत्र येण्याआधी जिल्ह्यात दुसऱ्या पायरीची सोय हवी. ती महाग नाही. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरून 'फिब-4' हा निर्देशांक निघतो. साधारण 1.3 पेक्षा कमी आला तर यकृत घट्ट होण्याचा धोका कमी समजतात (65 च्या वर ही मर्यादा 2 धरतात). जास्त आला त्यांनाच पुढे पाठवावे. एवढ्याने नागपूरच्या किती फेऱ्या वाचतील!

तोवर घरातला शिंप्याचा टेप काढावा. पुरुषांची कंबर 90 सेंटीमीटर, बायकांची 80 सेंटीमीटरच्या वर असेल, किंवा साखर असेल, तर पुढच्या रक्ततपासणीत हे चार आकडे डॉक्टरांना विचारावेत. वजन 7 ते 10 टक्के उतरले तर यकृतही सुधारते. त्यासाठी कुठलेच यंत्र लागत नाही.