मस्टरवर नाव आहे ना?

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत ज्यांची उमेदीची वर्षं गेली, त्यांना इंग्रजी येत नव्हतं, असं आता त्यांचीच मुलं सांगतात. वडील कुणाचे आठवी पास, कुणाचे आयटीआय, फार तर मॅट्रिक. मान्य. पण त्याच वडिलांना एकदा नोकरीबद्दल बोलतं करून बघा. ओटी, सी-ऑफ, चार्जशीट, डोमेस्टिक इन्क्वायरी, गो-स्लो, टूल डाउन, सेटलमेंट, ग्रॅच्युइटी. वाक्य अस्सल मावळातलं किंवा सोलापूरकडचं आणि मधले सगळे खिळे इंग्रजी. शिवाय त्या प्रत्येक शब्दाची रुपयांतली किंमत पाठ. सस्पेन्शन अलाउन्स म्हणजे काय, असं विचारलं तर ते व्याख्या सांगत बसत नाहीत. पहिले ९० दिवस निम्मा पगार, त्यापुढे चौकशी कामगारामुळे रखडली नसेल तर ७५ टक्के, असं थेट उत्तर येतं.

हे इंग्रजी त्यांना कुठल्या क्लासमध्ये मिळालं नाही. ते मिळालं गेट मीटिंगला. शिफ्ट सुटताना युनियनचा माणूस खुर्चीवर उभा राहून कराराचा मसुदा वाचायचा आणि एकेक कलम मराठीत फोडून सांगायचा. कन्सिलिएशन ऑफिसरपुढे झालेला करार सगळ्या कामगारांना लागू. बाहेर परस्पर झालेला फक्त सह्या करणाऱ्यांना. एवढ्याशा फरकावर घरं चालायची नाहीतर बसायची. १९८९ च्या सप्टेंबरात टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले, तेव्हाही कंपनीने करार कुठल्या युनियनशी करायचा हाच भांडणाचा गाभा होता. शहराने ते आंदोलन पाहिलं, पोलिसांनी पहाटे केलेली धरपकडही पाहिली. करारातली कलमं मात्र बघ्यांपेक्षा बसलेल्यांना जास्त ठाऊक होती.

आणि देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. औद्योगिक विवाद कायद्याच्या इंग्रजी मजकुरात ‘बदली’ हा आपला शब्द जसाच्या तसा बसलेला आहे. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात तर, कायम करायला लागू नये म्हणून माणसाला वर्षानुवर्षं बदली किंवा टेंपररी ठेवणं, ही मालकाची अनुचित प्रथा म्हणून नोंदवलेली आहे. दिल्ली-मुंबईत इंग्रजी कायदे लिहिणाऱ्यांनाही गिरणीच्या दारातला शब्द उचलावा लागला. सरकारी कोशकारांनी मात्र ग्रॅच्युइटीला ‘उपदान’ केलं. ते मागायला कुणी कधी ऑफिसात गेल्याचं ऐकिवात नाही.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत. पिंपरीच्या एका कारखान्यात मशिन शॉपला होते, रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली. मुलगा हिंजवडीला, आयटीत. गेल्या महिन्यात दुपारीच त्याचा फोन आला, “बाबा, लेऑफ झालाय.” काका शांतपणे म्हणाले, “किती दिवसांचा?”

पलीकडे कुणी बोलेना. काकांना वाटलं, रेंज गेली.

त्यांचा प्रश्न वेडगळ नव्हता. काकांनी ज्या ले-ऑफमध्ये दिवस काढले तो कायद्यातला ले-ऑफ. वीज नाही, कच्चा माल नाही, मशिन बंद पडलं, माल गोडाऊनमध्ये साचला, म्हणून मालक काम देऊ शकत नाही. अशा वेळी कामगाराने शिफ्टच्या वेळेला गेटवर यायचं, हजेरी द्यायची. दोन तासांत काम मिळालं नाही, तर त्या दिवसाचा ले-ऑफ. बेसिक आणि डीए मिळून जे होईल त्याच्या निम्मे पैसे. व्याख्येतली पहिलीच अट ही की, नाव मस्टरवर पाहिजे. म्हणून त्या काळी ले-ऑफची नोटीस लागली की घरात पहिला प्रश्न असायचा, मस्टरवर नाव आहे ना? असलं की झालं. महिनाभर ओढाताण, वाण्याची उधारी, पण नोकरी शाबूत. २०१९ च्या मंदीत पिंपरीत ‘ब्लॉक क्लोजर’चे दिवस आले, तेव्हाही माणसं सुट्टीवर होती, घरी बसवलेली नव्हती.

मुलाचा लेऑफ अमेरिकेहून आलेला. त्यात मस्टर नाही आणि परत बोलावणंही नाही. आपल्या कायद्यात त्याला रिट्रेंचमेंट म्हणतात आणि त्याचा हिशेब वेगळा आहे. वर्षभर सलग नोकरी झाली असेल तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, वर भरलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचं वेतन. शेवटी लागलेला आधी जाणार. उद्या पुन्हा भरती निघाली तर काढलेल्यांना आधी विचारायचं. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा जाऊन नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, पण हे दोन शब्द आणि त्यांच्यातलं अंतर नव्या संहितेतही तसंच आहे.

गंमत अशी की, काकांच्या ले-ऑफच्या जवळ जाणारी गोष्ट हिंजवडीत आहे, फक्त तिचं नाव बेंच. काम नाही, नाव मात्र यादीत. फरक एवढाच की पगार पुरता मिळतो. म्हणून तिथे बसलेल्यांना कुणी बिचारं म्हणत नाही. तेही दिवस आता मोजून मिळतात. टीसीएसने २०२५ च्या जूनमध्ये बेंचला वर्षाकाठी ३५ दिवसांची मर्यादा घातली. पुढच्याच महिन्यात सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या घरात माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. निवेदनात क्रियापद होतं ‘रिलीज’. पुण्यातल्या नाइट्स या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने मग कामगार खात्याकडे तक्रारी नेल्या. संघटनेची तक्रार रिट्रेंचमेंटच्या भाषेत आणि कंपनीचं पत्रक रिलीजच्या. ज्याची नोकरी गेली त्याला पुढे काय मिळणार, हे यातली कुठली भाषा कागदावर टिकते त्यावर ठरतं.

काकांनी मुलाला दुसरा प्रश्न विचारला तो असा, “बेसिक किती?”

मुलाला आकडा सांगता आला नाही. सीटीसी तोंडपाठ होती. लग्नाच्या बायोडेटात तीच तर छापली होती, पॅकेज म्हणून. मला यात काकांची बाजू घ्यायला फार आवडतं. पॅकेजवर पीएफ ठरत नाही, ग्रॅच्युइटी ठरत नाही, नुकसानभरपाईही ठरत नाही. हे सगळं बेसिकच्या दारातून जातं. ग्रॅच्युइटीचंच बघा. एका वर्षाला पंधरा दिवसांचं वेतन आणि महिना धरायचा सव्वीस दिवसांचा. त्यातून दरमहा बेसिकच्या ४.८१ टक्के असा आकडा निघतो. तो सीटीसीच्या तक्त्यात तळाशी गुपचूप बसलेला असतो, जणू दर महिन्याला खिशात पडतोय. कायम नोकरीतल्या माणसाने पाच वर्षांच्या आत नोकरी सोडली की तो खिशात कधीच पडत नाही. दर दोन वर्षांनी कंपनी बदलून ‘हाइक’ घेणाऱ्या पोरांनी ही रक्कम प्रत्येक ऑफर लेटरमध्ये मिरवली आणि प्रत्येक ठिकाणी सोडली. आता नव्या कामगार संहितांनी बजावलंय की, भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. बेसिक मुद्दाम छोटा ठेवायच्या कारागिरीला त्याने थोडी कात्री लागेल.

या मुलांना इंग्रजी येत नाही असं कोण म्हणेल? रात्री टेक्ससच्या क्लायंटशी बोलतात, मीटिंग चालवतात, दोन ओळींच्या ई-मेलमध्ये माणसाला गार करतात. इंटरव्ह्यूला स्वतःविषयी पाच मिनिटं सफाईने बोलायचं शिक्षण शहरातले डझनभर क्लास देतात. अप्पा बळवंत चौकात त्याची पुस्तकं ढिगाने मिळतात. नोकरीत शिरायच्या इंग्रजीचा हा सगळा बाजार आहे. बाहेर काढलं जातं तेव्हाचं इंग्रजी कुठेच शिकवत नाहीत. पूर्वी ते युनियन शिकवायची. युनियननेही पुष्कळ घोळ घातले, पुढारी मोठे झाले आणि कामगार होता तिथेच राहिला, हेही पिंपरीने पाहिलंय. पण कागद वाचून दाखवायची सवय मात्र चांगली होती.

मुलाची एचआरशी मीटिंग झाली, व्हिडिओवर. तिथे लेऑफ हा शब्दही कुणी उच्चारला नाही. “तुम्ही स्वतःहून रिझाइन करा, रेकॉर्डला बरं दिसेल, रिलिव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल,” असं गोड आवाजात सुचवलं. हा डाव काकांच्या ओळखीचा निघाला. राजीनामा दिला की भरपाईचा प्रश्नच संपला, कारण कुणी काढलंच नाही! हुद्द्याचंही तसंच. मुलाचं पद ‘लीड’, हाताखाली एकही माणूस नाही, दिवसभर कोड लिहायचा. एचआर म्हणे, तुम्ही वर्कर नाही, मॅनेजमेंट आहात. काकांच्या खात्यातही काही जणांना एका रात्रीत सुपरवायझर केलं होतं. पगारात जेमतेम वाढ आणि युनियनमधून बाहेर. न्यायालयं व्हिजिटिंग कार्ड बघत नाहीत, प्रत्यक्ष काम काय करतोस ते बघतात, हे काका ठासून सांगतात. वर्करच्या व्याख्येत तांत्रिक काम आहेच. सुपरवायझर मात्र महिना अठरा हजारांच्या वर गेला की बाहेर, आणि मॅनेजर तर आधीपासूनच बाहेर. कोड लिहिणारा लीड यातला नेमका कोण, यावर वकिलांची पोटं पुढची काही वर्षं भरतील.

“सही करू नको,” काका म्हणाले. “करायचीच वेळ आली तर खाली ‘अंडर प्रोटेस्ट’ लिही.”

“बाबा, सही नसते. पोर्टलवर बटण आहे. त्याआधी कारण निवडायचं.”

“काय काय कारणं आहेत?”

उच्च शिक्षण, कौटुंबिक अडचण, आरोग्य, अधिक चांगली संधी. कंपनीने काढलं, हा पर्याय यादीत नव्हता आणि दोन शब्द लिहायला मोकळी जागाही नव्हती. मग रात्री बापलेकांनी जेवणाच्या टेबलावर बसून ई-मेल लिहिला. मजकूर काका मराठीत सांगत होते, मुलगा इंग्रजीत उतरवत होता. मी राजीनामा दिलेला नाही, देत नाही. कामावरून कमी करत असाल तर तसं लेखी द्या, तारीख आणि कारणासकट. माझी देणी याप्रमाणे. ‘विदाउट प्रेज्युडिस’ कुठल्या ओळीत टाकायचं ते काकांनी बोट ठेवून दाखवलं. स्पेलिंग मुलाने घातलं. लॅपटॉप परत घेतील त्याआधी प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावर, आणि पगाराच्या सगळ्या स्लिपा, अप्रेझलची पत्रं, सगळं.

ई-मेल जाऊन आठवडा झाला. एचआरकडून आपोआप येणारं, तुमचा संदेश मिळाला असं सांगणारं उत्तर तेवढं आलंय. काकांना ते मंजूर नाही. रोज संध्याकाळी मुलाला विचारतात, पोच आली का. पोच म्हणजे शिक्का, तारीख, घेणाऱ्याची सही. परवा त्यांनी स्पीड पोस्टाचा लखोटाच आणून ठेवला.