पेटंट सोडलं, तरी लस का बनली नाही? समजून घ्या तंत्रज्ञान हस्तांतराचा खरा अर्थ

ऑक्टोबर २०२० मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेने जागतिक व्यापार संघटनेकडे मागणी केली : कोरोनाच्या लसी आणि औषधांवरचे पेटंटचे नियम तात्पुरते बाजूला ठेवा. त्याच महिन्यात मॉडर्ना कंपनीने जाहीर केलं, की साथ असेपर्यंत आपण पेटंटचा हक्क बजावणार नाही. मग गरीब देशांत ही लस लगेच का बनली नाही?

पेटंट आणि कसब

पाककृती वाचून पुरणपोळी जमत नाही. कणीक किती सैल हवी, हे कुणीतरी शेजारी उभं राहून दाखवावं लागतं. लसीचंही तसंच आहे. बॅच का फसते, शुद्धता कशी तपासायची, हे पेटंटच्या कागदात पुरतं सापडत नाही.

मॉडर्नाने हे कसब दिलं नाही. केपटाऊनच्या आफ्रिजेन कंपनीने जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, जाहीर झालेल्या माहितीवरून २०२२ च्या सुरुवातीला प्रयोगशाळेत तशी लस बनवली. पण तोवर श्रीमंत देशांत बूस्टर डोस सुरू झाले होते.

पुण्यात काय वेगळं घडलं?

१९९६-९७ मध्ये आफ्रिकेत मेंदूज्वराच्या साथीत सुमारे २५ हजार लोक दगावले. नवी लस हवी होती, पण ५० सेंटहून कमी किमतीत. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी आपली पद्धत पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला शिकवली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत लसीकरण सुरू झालं. २०१७ नंतर त्या पट्ट्यात मेंदूज्वराच्या 'ए' प्रकाराचा एकही रुग्ण नोंदला गेला नाही.

इथे किंमत आधी ठरली आणि शिकवणाराही होता.

पण एकच कारखाना पुरेसा नाही

२०२१ मध्ये भारतात दुसरी लाट आली आणि सीरमच्या कोविशील्डची निर्यात थांबली. आपल्या माणसांसाठी ते गरजेचं होतं, पण त्यावर विसंबलेले आफ्रिकी देश ताटकळले. म्हणूनच त्यांना आता स्वतःचे कारखाने हवे आहेत.

थोडक्यात

'तंत्रज्ञान हस्तांतर करार' अशी बातमी दिसली की तीन प्रश्न विचारा : शिकवणार कोण? किंमत कोण ठरवणार? आणि संकटात माल आधी कुणाला मिळणार?