गरम-थंड पाण्याचा शेक: सेलूच्या उन्हाळ्यात यंत्र बनवणं अवघड का?

हात-पाय आळीपाळीने गरम आणि थंड पाण्यात बुडवायचे, या उपचाराला फिजिओथेरपीत ‘कॉन्ट्रास्ट बाथ’ म्हणतात. साधारणपणे 38 ते 44 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तीन-चार मिनिटं, मग 10 ते 15 अंशांच्या पाण्यात एक मिनिट, असं काही वेळा करतात.

वर्धा जिल्ह्याला पाण्याचे उपचार नवे नाहीत. 1936 पासून सेवाग्रामला राहिलेले गांधीजी निसर्गोपचाराचे पुरस्कर्ते होते. 1942 मध्ये आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी आरोग्यावर पुस्तक लिहिलं, त्यातही जर्मनीच्या लुई कूने यांच्या कटिस्नानाची माहिती आहे.

दोन बादल्या पुरतात, मग यंत्र कशाला?

धोका भाजण्याचा आहे. 60 अंशांच्या पाण्याने प्रौढ माणसाची त्वचा सुमारे पाच सेकंदांत गंभीर भाजते. दीर्घकाळ मधुमेह असलेल्या अनेकांच्या पायांची संवेदना कमी झालेली असते, त्यामुळे चटका बसलेला त्यांना कळतच नाही. म्हणून यंत्रात दोन स्वतंत्र तापमान सेन्सर हवेत. एक बिघडला तरी दुसऱ्याने हीटर बंद केला पाहिजे. पाणी आणि वीज एकत्र असल्यामुळे नीट अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा ब्रेकरही हवाच.

खरी परीक्षा थंड पाण्याची

पाणी गरम करणं सोपं आहे. पण सेलू तालुक्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. टाकीतलं 35 अंशांचं 20 लिटर पाणी 15 अंशांवर आणायचं तर चार किलोहून थोडा जास्त बर्फ लागतो. एवढी उष्णता छोट्या पेल्टियर चिपने काढायला कित्येक तास जातील. त्यामुळे कॉम्प्रेसर आणि जाड आवरणाची टाकी हवी. पाणी आधीच गार करून ठेवलं, तर वीज गेली तरी उपचार थांबत नाही.

परवाना लागतो का?

1 एप्रिल 2020 पासून देशात सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली. 2017 च्या नियमांत धोक्यानुसार अ, ब, क, ड असे चार वर्ग आहेत. शरीराला उष्णता देणारं किंवा शरीरातून काढून घेणारं विजेवरचं उपचार यंत्र सहसा ‘ब’ वर्गात येतं. ती देवाणघेवाण धोकादायक ठरू शकत असेल, तर ‘क’ वर्गात. ‘ब’ वर्गाच्या उत्पादनाचा परवाना राज्य देतं, ‘क’ वर्गाचा केंद्र.

उपयोग किती?

व्यायामानंतरचं स्नायूंचं दुखणं नुसत्या विश्रांतीपेक्षा या उपचाराने कमी होतं, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. पण ते अभ्यास लहान आहेत आणि इतर उपायांच्या तुलनेत फार फरक दिसत नाही. त्यामुळे ‘सांधेदुखी मुळापासून बरी’ अशा जाहिरातीला भुलू नका. यंत्र घेताना आधी विचारा: परवाना आहे का, आणि सेन्सर बिघडला तर हीटर बंद होतो का? मधुमेह किंवा रक्ताभिसरणाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाय पाण्यात घालू नका.