यमू हप्त्यानेच यायला हवी होती

साहित्यावर बोलणारी मंडळी एक वाक्य ठरल्यासारखं टाकतात : क्रमशः कादंबरी म्हणजे खप वाढवायची युक्ती. संपादकाला पानं भरायची असतात, वाचकाला पुढच्या अंकापर्यंत लटकत ठेवायचं असतं, मग कलेला जागा उरते कुठे? आमच्या धाराशिवकडे याला आणखी एक पुस्ती जोडतात. हा सगळा पुण्या-मुंबईचा मामला, निजामी मुलखाचा त्याच्याशी काय संबंध? दोन्ही म्हणणी मला मान्य नाहीत. पुस्ती आधी निकालात काढतो.

१८५३ साली निजामाने जे जिल्हे इंग्रजांकडे सोपवले, त्यांत नळदुर्ग होता. तिथला कारभार मेडोज टेलर या अधिकाऱ्याकडे आला. १८५७ पर्यंत तो नळदुर्गात होता, किल्ल्यातच राहायचा. पुढे विलायतेला परतल्यावर १८६३ मध्ये त्याने ‘तारा’ ही कादंबरी काढली. तुळजापूरची ब्राह्मण बालविधवा, भवानीचं देऊळ, अफझलखानाची स्वारी. मुलूख सगळा आपला. पण कादंबरी तीन खंडांची, इंग्रजीतली. अशा तीन खंडांची विलायतेतली ठरलेली किंमत साडेएकतीस शिलिंग. तिथलेही लोक ती विकत घेत नसत, मुडीच्या लायब्ररीची वर्गणी भरून एकेक खंड घरी नेत. तुळजापुरात ती कुणाच्या हाती पडली असेल, असं मला वाटत नाही. ज्यांची गोष्ट, त्यांच्यापर्यंत पोचायची तिला वाटच नव्हती.

आता गंमत बघा. याच टेलरची १८४० सालची टिपू सुलतानावरची कादंबरी हरि नारायण आपट्यांनी ‘म्हैसूरचा वाघ’ करून मराठीत आणली, आणि ती आली ‘करमणूक’ साप्ताहिकातून, हप्त्याहप्त्याने. साहेबाचा तीन खंडांचा ऐवज मराठी घरात शिरला तो हप्त्यांच्या दारातून. तेव्हा नळदुर्गाचा या मामल्याशी संबंध नाही, हे कुणी सांगू नये.

आता मूळ म्हणण्याकडे. क्रमशः कादंबरीवरचा पहिला आक्षेप पाल्हाळाचा. हरिभाऊंचा पाल्हाळ मी नाकारत नाही. एका वेळी दोन-दोन कादंबऱ्या चालवायच्या, वर अंकही काढायचा, मग हात सैल सुटणारच. ‘गणपतराव’ तर अर्धीच राहिली. पण पाल्हाळ हा हप्त्यांचा दोष म्हणायचा, तर एकरकमी छापलेल्या तीन-खंडी कादंबऱ्या इतक्या फुगलेल्या का? लायब्ररीवाल्याला तीन खंड हवे असत, कारण एका कादंबरीवर तीन गिऱ्हाइकं फिरवता येत. तिथे लेखक बाजारासाठी ताणतो ते चालतं, आणि इथे ताणलं की कला बुडते! हा न्याय कुठला?

दुसरा आक्षेप, वाचकांच्या पत्रांवर लेखक नाचतो. डिकन्सचंच घ्या. १८४०-४१ मध्ये ‘द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’ चालू असताना त्यातल्या नेल या मुलीला मारू नका, अशी विनवणीची पत्रं त्याला आली. त्याने नेलला मारलंच. पुढे ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चा शेवट त्याने बदलला खरा, पण तो बुलवर-लिटन या लेखकमित्राच्या सांगण्यावरून. म्हणजे कच खाल्ली ती जाणकारापुढे. वाचक बिचारा फुकट बदनाम.

आणि तुकड्यातुकड्याने ऐकणं आपल्या लोकांना शिकवायला विलायत लागत नव्हती. चातुर्मासात चौरंगावर पोथी ठेवायची, एकाने वाचायची, बाकीच्यांनी ऐकायची. अध्याय संपला की पोथी रुमालात बांधली जाते आणि बायका उठता उठता आज ऐकलेल्यावर बोलत घरी जातात. उद्यापर्यंतची ती मधली वेळ हाही ऐकण्याचाच भाग असतो. अक्षरओळख नसलेल्याचाही त्यात वाटा असतो. घरात आलेल्या साप्ताहिकाला हा श्रोता आयता मिळण्यासारखा होता. जाडजूड ग्रंथ मात्र एकट्याने कोपऱ्यात वाचायचा.

आता माझं म्हणणं. हरिभाऊंची ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणुकी’त येऊ लागली आणि १८९३ पर्यंत चालली. मधेच, मार्च १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला; मुलीचं संमतिवय दहावरून बारावर गेलं. ‘केसरी’ विरोधात, ‘सुधारक’ बाजूने, सभांमध्ये रणकंदन. त्याच दिवसांत या कादंबरीची नायिका यमू आपल्या तोंडाने माहेर, सासर, नवरा, पुढे वैधव्य आणि जबरदस्तीचं केशवपन सांगत होती. तिचं एकेक प्रकरण तिच्यासारख्याच बायका असलेल्या घरात येत होतं. शास्त्रार्थ एका कागदावर, यमू दुसऱ्यावर. शास्त्रार्थाला प्रत्युत्तर देता येतं. पण यमूला काय उत्तर देणार? सगळं एकदम १८९३ मध्ये पुस्तकरूपाने हाती आलं असतं, तर वाद शमल्यावर आलेली ती एक चांगली कादंबरी ठरली असती, एवढंच.

टेलरची तारा आणि हरिभाऊंची यमू, दोघी तरुण ब्राह्मण विधवा. ताराची कणव मलाही येते. टेलरला हा मुलूख आवडत होता, यात शंका नाही. पण ताराला सती जाण्यापासून सोडवून अफझलखानाच्या मुलाशी तिचं लग्न लावून देणं त्याला सोपं गेलं, कारण विचारायला तुळजापूरचं कुणी समोर नव्हतं. हरिभाऊंना ती मोकळीक नव्हती. पुढच्या आठवड्यात त्याच घरात त्यांना पुन्हा जायचं होतं.

ज्यांना अजूनही क्रमशः म्हणजे हलकं वाटतं, त्यांनी या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवून वाचाव्यात, आणि मग माझ्याशी वाद घालायला यावं.