फेडर वर नेण्याआधी

ऑर्केस्ट्रा सुरू होऊन दोन तास झाले की मिक्सरवर बसलेल्या माणसाचा हात वर सरकू लागतो. गायिकेचा आवाज ढोलकीत बुडतो, म्हणून तिच्या चॅनेलचा फेडर वर. मग की-बोर्ड मागे पडतो, तोही वर. शब्द स्पष्ट येत नाहीत म्हणून ट्रेबल वाढतो. यात कौशल्याची उणीव नसते, कान थकलेला असतो. मोठ्या आवाजात राहिल्यावर ऐकण्याची क्षमता तात्पुरती घटते, तीही प्रामुख्याने 3000 ते 6000 हर्ट्झच्या पट्ट्यात. म्हणजे ज्या कानाने आवाज जोखायचा तोच फसवतो, आणि भोगतात स्पीकरसमोर बसलेली मुले.

अमेरिकेतील 'नायॉश' संस्थेच्या शिफारशीनुसार कामगाराने 85 डेसिबलमध्ये जास्तीत जास्त आठ तास राहावे. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 100 डेसिबलला उरतात जेमतेम 15 मिनिटे.

गायिका ऐकू येत नसेल तर आधी बाकीचे चॅनेल खाली आणावेत. साउंड चेकला बसवलेला गेन मध्येच वाढवू नये. त्याने स्टेजवरचे मॉनिटरही चढतात आणि शिट्टी वाजते. कमानीवर हजारो रुपये उधळणाऱ्या मंडळांनी मिक्सरशेजारी आवाज मोजणारे साधे यंत्र ठेवायला काय हरकत आहे? आणि कार्यक्रमानंतर दुसऱ्या दिवशीही कान गुणगुणत असतील, तर मिक्सरवाल्याने ऑडिओमेट्री करून घ्यावी, पुढची सुपारी घेण्याआधी.